मुंबईत बांधलेलं जहाज, लंडनची पोरं आणि वसाहतींचं काळं पाणी

रानजाई (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात पाहुण्यांना घेऊन इंग्लंडमधल्या चॅटमच्या जुन्या गोदीत गेले होते. आमच्याकडे कुणी आलं की लंडन दोन दिवसांत उरकतं आणि मग ‘इथे अजून काय आहे बघायला?’ सुरू होतं. गोदीच्या फाटकातून आत शिरलं की लगेच जहाजाच्या नाळीवर बसवायचा एक लाकडी पुतळा आहे. ‘वेलस्ली’ या जहाजाचा. वेलस्ली म्हणजे आपल्या जालन्याजवळ आसईला १८०३ साली शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला तोच, पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला. पाहुण्यांनी फोटो काढले, आम्ही चहा प्यायलो, परत आलो.

रात्री सहज ते जहाज शोधायला बसले आणि अडकलेच. ७४ तोफांचं ‘एचएमएस वेलस्ली’ मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलं, अस्सल सागवानी, आणि २४ फेब्रुवारी १८१५ ला पाण्यात सोडलं. १८३९ मध्ये इंग्रजांनी कराची घेतली तेव्हा समोर हेच उभं होतं, मग चीनवर अफूच्या युद्धातही गेलं. इथवर ठीक. मुंबईच्या गोदीचा दबदबा आपण ऐकून असतो. पण १८६८ मध्ये या म्हाताऱ्या जहाजाचं नाव बदलून ‘कॉर्नवॉल’ केलं, टेम्स नदीत परफ्लीटला नांगरून ठेवलं आणि त्यात पोरं भरली. चोऱ्यामाऱ्या करून कोर्टातून शिक्षा झालेली. आपल्या भाषेत सांगायचं तर पाण्यावरचं रिमांड होम.

तिथून मी सुधारगृहं वाचत सुटले, आणि त्या पोरांचं पुढे काय झालं या प्रश्नाशी आले. अनेकांचं उत्तर एकच: बोटीत बसवून दिलं. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, केप कॉलनी (दक्षिण आफ्रिकेतली), कॅनडा.

थोडी पार्श्वभूमी. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात इंग्लंडमध्ये सात वर्षांच्या पुढचं मूल गुन्ह्याला जबाबदार धरता येत असे. सात ते चौदा या वयात ‘याला बरं-वाईट कळत होतं’ हे सरकार पक्षाने दाखवायचं, बास. रुमाल मारला, पाव उचलला, की मोठ्यांच्याच तुरुंगात. मोठा गुन्हा असेल तर मोठ्यांसारखंच हद्दपार. आजच्या टास्मानियात पोर्ट आर्थर या कैद्यांच्या तळाशेजारी ‘पॉइंट प्युअर’ नावाचा मुलांचा वेगळा तळ १८३४ ते १८४९ चालला.

१८५० च्या आसपास हवा पालटली. ब्रिस्टलच्या मेरी कार्पेंटरबाईंनी १८५१ मध्ये सुधारशाळांवर पुस्तक लिहिलं, त्याच वर्षी बर्मिंगहॅमला परिषद भरली, १८५२ मध्ये त्यांनी किंग्सवूडला शाळा काढली. १८५४ मध्ये कायदा झाला: सोळाच्या आतल्या गुन्हेगाराला न्यायाधीश दोन ते पाच वर्षांसाठी सुधारशाळेत धाडू शकतो. पण त्याआधी निदान चौदा दिवस तुरुंग भोगायचाच! बाईंचा याला कडाडून विरोध होता. सिडनी टर्नर या पाद्रीबाबांना मात्र ते पटत होतं. आधी शिक्षा, मग शाळा. टर्नर पुढे १८५७ मध्ये सगळ्या सुधारशाळांचे निरीक्षक झाले, त्यामुळे कुणाचं चाललं ते कळतंच. ही तुरुंगाची अट पूर्णपणे जायला १८९९ उजाडलं.

टर्नर मूळचे सरेमधल्या रेडहिलचे. लंडनमध्ये १७८८ मध्ये स्थापन झालेली फिलॅन्थ्रॉपिक सोसायटी १८४९ मध्ये शहर सोडून तिकडे शेतावर गेली, पायाभरणीला राणीचे यजमान प्रिन्स अल्बर्ट. फ्रान्समधल्या मेत्रेच्या शेतशाळेचा नमुना समोर होता: भिंती नाहीत, मुलांची ‘कुटुंबं’ करून घरं, दिवसभर कुदळ-फावडं. आणि शेतकाम शिकलेला मुलगा इंग्लंडात कुणाला हवा होता? वसाहतीत हवा होता. रेडहिलची अनेक मुलं शिक्षण संपताच बोटीवर चढली.

कारण दयाळू होतं. मुलगा सुटून त्याच गल्लीत गेला तर तीच टोळी, तेच दारुडे आईबाप, महिन्यात परत आत. समुद्रापार गेला की पाटी कोरी. हिशेबही दयाळूच: बोटीचं भाडं एकदाच, तुरुंगाचा खर्च जन्मभर.

मला खटकलं ते शेवटचं पाऊल. १८९१ च्या कायद्याने शाळेच्या चालकांना अधिकार मिळाला की मुदत संपायच्या आतच मुलाला परदेशी पाठवता येईल. लागतं काय? गृहमंत्र्यांची मंजुरी आणि मुलाची स्वतःची संमती. आईबापांची नको. चौदा वर्षांचा कैदी, समोर मुख्याध्यापक, आणि प्रश्न: ‘जाशील का रे बाळ कॅनडाला?’ यातल्या ‘हो’ला संमती म्हणायचं का, एवढंच डोक्यात घोळतंय. तुम्हाला काय वाटतं?

---

घारापुरी

जबरदस्त. आसईपासून परफ्लीटपर्यंत! पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

खलाशी_निवृत्त

लेख आवडला, पण एक गाठ सोडवतो. परफ्लीटला १८५९ पासून आधी वेगळंच ‘कॉर्नवॉल’ होतं. ते लहान पडायला लागलं म्हणून १८६८ मध्ये वेलस्ली आणलं आणि दोघांच्या नावांची अदलाबदल केली. म्हणजे आपलं मुंबईचं वेलस्ली झालं कॉर्नवॉल, आणि मूळचं कॉर्नवॉल ‘वेलस्ली’ होऊन उत्तरेला टाइन नदीवर गेलं, तिथेही मुलांची शाळाच. जुने कागद वाचताना भलभल्यांची यात दांडी उडते.

दुसरं. या जहाजांवरचं आयुष्य फोटोत दिसतं तसं निळ्या गणवेशातलं नव्हतं. लिव्हरपूलच्या मर्सी नदीत दोन होती. ‘अकबर’ प्रॉटेस्टंट मुलांचं आणि ‘क्लॅरेन्स’ कॅथलिक मुलांचं. (हो, अकबर. बादशहाच.) १८८४ च्या जानेवारीत क्लॅरेन्सवरच्या पोरांनी जहाजच पेटवून दिलं. जागेवर दुसरं आणलं, तेही १८९९ मध्ये जळालं. मधल्या काळात, १८८७ ला अकबरवर बंड. मी बोटीवर ट्रेनी होतो तेव्हा आम्ही फक्त मेसमधल्या डाळीवरून संप केला होता, तोही जेवणाच्या वेळेपर्यंतच टिकला.

---

कोर्टाची_पायरी

ताई, वकिली खोडी काढतो, रागावू नका. रिमांड होम म्हणजे प्रकरण चालू असताना मुलाला ठेवायची जागा, हल्ली निरीक्षणगृह म्हणतात. शिक्षेनंतर पाठवत ते सुधारगृह. लोक दोन्हीला रिमांड होम म्हणतात हे खरं, माझा अशीलही म्हणतो.

१८५४ च्या कायद्यात आणखी एक मजा आहे. मुलाच्या पोटापाण्याचा खर्च आईबापांकडून आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत वसूल करता येत असे. हेतू असा की पोर सरकारच्या गळ्यात मारून आईबाप मोकळे होऊ नयेत. मग १८९१ चं कलम शेजारी ठेवून वाचा. पैसे भरताना बाप बाप असतो, बोटीत बसवताना त्याला विचारायचं कारण नाही.

आपल्याकडचे धागेदोरे: १८५० चा उमेदवारीचा कायदा, दहा ते अठरा वयाच्या अनाथ आणि गरीब मुलांना कारागिराच्या हाताखाली बांधून देण्याचा. १८७६ चा सुधारशाळांचा कायदा, १८९७ चा सुधारलेला, आणि १९२४ चा मुंबईचा मुलांचा कायदा. माटुंगा-माहीमला डेव्हिड ससूनची जी औद्योगिक शाळा आहे तिची सुरुवात १८५७ ची. म्हणजे इंग्लंडच्या कायद्यानंतर तीन वर्षांत इथे संस्था उभी. मेरी कार्पेंटरही १८६६ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेल्या, मग आणखी तीनदा आल्या. तुरुंग आणि मुलींच्या शाळा हे दोन विषय घेऊन.

---

स्वान_नदी

पर्थहून. तुम्ही १८५४ पासून धरलंय, पण आमच्याकडची गोष्ट त्याआधीची.

आइल ऑफ वाइटवर पार्कहर्स्ट नावाचा तुरुंग आहे. १८३८ मध्ये तो फक्त मुलांसाठी केला. सुरुवातीला पायात बेड्यासुद्धा होत्या. तिथे सुतारकाम, शिंपीकाम, शेती शिकवायचे आणि मग ‘माफी’ द्यायचे. माफीची अट: वसाहतीत जाऊन ठरलेली वर्षं उमेदवारी करायची. १८४२ ते १८५२ या काळात सुमारे १,५०० मुलं अशी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे आली. पैकी २३४ आमच्या पश्चिम ऑस्ट्रेलियात, पहिली अठरा ऑगस्ट १८४२ मध्ये ‘सायमन टेलर’ बोटीवरून फ्रीमँटलला.

आता गंमत बघा. ही वसाहत १८२९ पासून ‘मुक्त’ म्हणून मिरवत होती, इथे कैदी आणायचे नाहीत असं ठरलेलं. मग ही पोरं कोण? कैदी नव्हेतच, त्यांना माफी मिळालीय ना! उमेदवार आहेत. शब्द बदलला की माणूस बदलतो. त्यांच्यासाठी सरकारी ‘पालक’ नेमला होता, शेतकऱ्यांशी करार तोच करायचा. पुढे मजूर मिळेनात म्हणून १८५० मध्ये याच लोकांनी खुशाल प्रौढ कैदी मागवले. पहिल्या कैदी-बोटीचं नाव ‘सिंडियन’. नाव शिंद्यांसारखं वाटतं, म्हणून आसईचा उल्लेख वाचून आठवलं.

न्यूझीलंडने मात्र फार आरडाओरडा केला. ऑक्टोबर १८४२ मध्ये ‘सेंट जॉर्ज’वरून ९२ मुलं ऑकलंडला उतरली, पुढच्या वर्षी ‘मँडरिन’वरून ३१. गावात काहीही चोरीला गेलं की नाव पार्कहर्स्टच्या पोरांचं. १२३ वरच थांबलं ते.

आणि जॉन गॅव्हिन. पंधरा वर्षांचा. १८४३ मध्ये आला, डँडलप इथल्या शेतावर कामाला लावला. काही महिन्यांत मालकाच्या अठरा वर्षांच्या मुलाचा खून केला. ६ एप्रिल १८४४ ला फ्रीमँटलच्या राउंड हाउस तुरुंगाबाहेर फाशी. पश्चिम ऑस्ट्रेलियात फाशी गेलेला पहिला गोरा माणूस. माणूस कसला, दहावीतलं पोर. राउंड हाउस आता पर्यटकांचं ठिकाण आहे, भारतातून आलेल्या प्रत्येकाला मी तिथे नेतो, समोर समुद्र फार सुंदर दिसतो.

---

गिरणगावकर

सगळं वाचलं. आता जरा उलटी बाजू.

माझे आजोबा तेराव्या वर्षी मालवणहून मुंबईला आले. मामाने आणलं, गिरणीत चिकटवलं. त्यांची संमती कोणी विचारली होती? एका खोलीत वीस जण, खानावळीचं जेवण, चुकलं की जॉबरची (मुकादमाची) शिवी. त्यांचं आयुष्य उभं राहिलं, म्हणून मी आज इथे टंकतोय. लंडनच्या त्या मुलाला काय पर्याय होता? गटाराशेजारी झोपायचं, वीस वर्षांचा होईतो सहा वेळा तुरुंगात. त्याला कुणी शेत दाखवलं, कपडे दिले, हुन्नर शिकवला. दीडशे वर्षांनी आरामखुर्चीत बसून ‘संमती संमती’ करणं सोपं आहे. गॅव्हिन एक, बाकीचे २३३ काय करत होते? शेतकरी झाले, सुतार झाले, लग्नं केली. त्यांच्यावर कुणी धागा काढत नाही.

---

चिंतोपंत_२

आरामखुर्चीतून +१.

---

रानजाई

@गिरणगावकर, मुद्दा बिनतोड आहे आणि मी दोन दिवस त्यावर विचार करतेय. बाकीच्या २३३ बद्दल तर पूर्ण सहमत.

पण आजोबा शिमग्याला गावी जायचे ना? गणपतीला? मनिऑर्डर जायची, पत्र यायचं. मामा त्याच चाळीत होता. जॉबरने शिवी दिली तर रात्री सांगायला कुणीतरी होतं. रेडहिलच्या मुलाला पाठवायचं कारणच मुळी हे, की त्याने परत येऊ नये. गाव तोडणं हाच उपचार. आईबाप वाईट संगतीतच मोजलेले. वाईट नसलेली आई असेल तर? चोरीच्या खटल्यांत कितीतरी मुलं विधवेची असायची, ती बाई दिवसभर कपडे धुवायला जायची म्हणून पोरगं रस्त्यावर.

स्वान_नदी म्हणतात तो ‘माफी’ शब्द मला फार लागला. माफीही द्यायची आणि बोटीतही बसवायचं. आपल्याकडे याला काळं पाणी म्हणायचे, निदान नाव तरी खरं होतं.

---

मेपल_आणि_मोगरा

ऑन्टॅरिओ. इथली बाजू सांगते, कारण इथे याची आठवण अजून जिवंत आहे. २८ सप्टेंबरला दरवर्षी ‘ब्रिटिश होम चाइल्ड डे’ असतो. ब्रिटनमधल्या संस्थांनी इथे धाडलेली मुलं ती ‘होम चाइल्ड’. माझ्या ऑफिसातल्या एका बाईंच्या पणजोबांची पत्र्याची-लाकडाची पेटी तिच्या दिवाणखान्यात आहे. वर रोप ठेवलंय.

१८६९ पासून १९३० च्या दशकापर्यंत एक लाखाच्या वर मुलं एकट्या कॅनडात आली. पाठवणाऱ्यांतली मोठी नावं: मारिया राय, ॲनी मॅकफर्सन, १८८२ पासून बर्नार्डो. पण इथे फरक करायला हवा: यातली बहुतेक गुन्हेगार नव्हती, गरीब होती. अनाथालयातली, वर्कहाउसमधली (म्हणजे निराधारांना ठेवून काम करवून घ्यायचे तिथली). कॅनडातल्या लोकांना तो फरक दिसत नव्हता. त्यांच्या लेखी सगळी लंडनच्या गटारातली. ओरड इतकी वाढली की १८९७ मध्ये ऑन्टॅरिओने अशा मुलांच्या आगमनावर कायदाच केला, गुन्हेगारी वळणाची मुलं आणली तर संस्थेला दंड. झालं काय, की शेजारच्या पोरांनी सफरचंद चोरलं तरी पकडायचं ‘होम बॉय’ला. गुन्हा न करता डाग लागला.

आणि काम! १८७४ मध्ये अँड्र्यू डॉयल नावाचे सरकारी अधिकारी इंग्लंडहून येऊन गेले, पुढच्या वर्षी अहवाल दिला. मुलं वाटून टाकली आहेत, नंतर कुणी फिरकतही नाही, असा सूर. एका मुलीने त्यांना सांगितलं होतं की दत्तक म्हणजे पगार न देता मुलगी कामाला ठेवणं. मी हे वाक्य वाचलं त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. अहवालानंतर वर्कहाउसच्या मुलांची पाठवणी काही वर्षं थांबली, मग १८८३ ला परत सुरू.

ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी २००९ मध्ये माफी मागितली, ब्रिटनच्या २०१० मध्ये. कॅनडाच्या संसदेने २०१७ मध्ये.

---

अबोली

मुलींचं काय? सगळीकडे ‘पोरं पोरं’ चाललंय.

---

रानजाई

@अबोली, बरोबर पकडलंत. मुलींसाठी पहिली सुधारशाळा कार्पेंटरबाईंचीच: ब्रिस्टलचं ‘रेड लॉज’, १८५४. जुना सोळाव्या शतकातला वाडा, कवी बायरनच्या विधवेने, लेडी बायरनने, विकत घेऊन दिला. आता तिथे संग्रहालय आहे. शिकवायचे काय? धुणं, इस्त्री, शिवण, झाडलोट. म्हणजे सुटल्यावर मोलकरीण. मुलग्याला शेत तरी दाखवायचे, मुलीला दुसऱ्याचं स्वयंपाकघर. आणि वसाहतीत बायकांची चणचण, त्यामुळे मुली पाठवायला मागणी फार. मागणी का, ते सांगायला नको.

बाईंबद्दल मात्र मला आदर आहे. हे सगळं वाचूनही. मुलाला आधी प्रेम हवं, मग शिस्त, असं त्या काळात ठणकावून सांगणं आणि पार्कहर्स्टच्या बेड्यांवर उघड टीका करणं सोपं नव्हतं. तरुणपणी त्यांनी ब्रिस्टलला राममोहन रॉय यांना पाहिलं होतं, १८३३ मध्ये, त्यांच्या अखेरच्या दिवसांत. हिंदुस्थानची ओढ तिथली.

---

गिरणगावकर

शिमग्याचा मुद्दा मान्य. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आईला विचारलं काल. ती म्हणाली, आजोबा पहिली दोन वर्षं गेलेच नव्हते गावी, बोटीच्या भाड्याला पैसे नव्हते. तिसऱ्या वर्षी गेले तेव्हा त्यांच्या आईने आधी ओळखलं नाही, मिशी फुटली होती. हे मला माहीत नव्हतं.

पण एक प्रश्न उरतोच. कोर्ट_पायरीसाहेब, पोराला त्याच वस्तीत परत सोडणं हा आजही प्रश्न आहे ना? मग करायचं काय?

---

कोर्टाची_पायरी

आहे. सुटकेच्या दिवशी घ्यायला बाप येतो की टोळीतला ‘भाई’ येतो, यावर सगळं ठरतं. आजचा कायदा मुलाचं कुटुंब हेच त्याचं पहिलं ठिकाण मानतो, सुटल्यावर पाठपुरावा करायला सांगतो. कागदावर उत्तम. एका परिविक्षा अधिकाऱ्याच्या टेबलावरचा फायलींचा ढीग बघितला की पाठपुरावा कसा होतो ते कळतं. १८५४ च्या लोकांना निदान बोट होती, असं एकदा मीच चिडून म्हणालो होतो चेंबरमध्ये. आता हा धागा वाचून शब्द मागे घेतो.

---

खलाशी_निवृत्त

जहाजाचं शेवटचं पान राहिलं. कॉर्नवॉल, म्हणजे आपलं वेलस्ली, पुढे परफ्लीटहून खाली ग्रेव्हसेंडजवळ नेलं. २४ सप्टेंबर १९४० ला जर्मन विमानांच्या बॉम्बने ते बुडालं. शिडांच्या काळातलं लढाऊ जहाज विमानहल्ल्यात बुडण्याची ही एकमेव नोंद. सव्वाशे वर्षांचं सागवान! १९४८ मध्ये वर काढून टिलबरीला मोडलं. त्यातलं काही लाकूड लंडनच्या न्यायालयांच्या दुरुस्तीत वापरलं म्हणतात.

---

रानजाई

काका, न्यायालयांच्या? त्याच न्यायालयांच्या?

पुढच्या आठवड्यात स्ट्रँडवर, ती न्यायालयं आहेत त्याच रस्त्यावर, काम आहे. आत सोडलं तर दारावरच्या माणसाला विचारते, सागवान कुठल्या दालनात आहे ते. फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे वर्णनावर भागवावं लागेल.